नाटकाच्या तारखा आणि जाहिरातीचे फोन

कॉलेजात एकांकिका करणारी मुलंमुली हल्ली मेसेज करून विचारतात, "ताई, मुंबईत यायचं ठरवलंय, सुरुवात कुठून करू?" प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा जून २०२२ ते एप्रिल २०२५ या काळात माझ्या बाबतीत काय काय घडलं ते इथे क्रमाने लिहून ठेवते. मी एका व्यावसायिक नाटकात काम करते, अधूनमधून जाहिराती करते आणि या दोन्हींवर आता माझं घरभाडं निघतं. तिथवर पोचायला काय लागलं, एवढंच सांगायचं आहे.

मी मूळची नाशिकची. परशुराम साईखेडकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्यांमध्ये उभी राहत मोठी झाले. १९५४ पासून चालत आलेल्या या स्पर्धेचं माझ्यावर मोठं ऋण आहे. रिकाम्या खुर्च्यांसमोर आणि तीन परीक्षकांसमोर जीव ओतून काम करायची सवय तिथेच लागली. पण हौशी नाटकाचे प्रयोग मोजकेच होतात. तेच वाक्य महिन्यानंतर, वर्षानंतर, पावसाने निम्मं रिकामं राहिलेल्या नाट्यगृहात पहिल्यांदाच सुचल्यासारखं कसं म्हणायचं, हे तिथे शिकायला मिळत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी, या सगळ्यांचे अर्ज मी बघून ठेवले होते. घरची परिस्थिती अशी होती की शिकत असताना कमाई थांबवणं शक्य नव्हतं. ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर जावं. तीन वर्षं फक्त शरीर, आवाज आणि वाचन यांवर काम करायला मिळणं ही नंतर विकत न मिळणारी गोष्ट आहे.

निघण्याआधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढला होता. जून २०२२ मध्ये ठाण्यात तिघींनी मिळून घर घेतलं. माझ्या वाट्याचं भाडं ₹७,५०० आणि अनामत ₹२५,०००. ठाणे निवडलं कारण गडकरी रंगायतन चालत जाण्याच्या अंतरावर होतं, दादरला थेट लोकल आणि घाटकोपरहून वर्सोव्याची मेट्रो. राहायची जागा निवडताना स्टुडिओजवळच्या भाड्यापेक्षा रात्री प्रयोग संपल्यावर घरी कसं पोचणार याचा विचार आधी करा. पोटासाठी घरून सबटायटलचं काम घेतलं. ते मिनिटांच्या हिशेबाने मिळायचं, रात्री करता यायचं, आणि मुख्य म्हणजे दिवस मोकळा राहायचा. दहा ते सहाची नोकरी धरून ऑडिशन देणं जवळजवळ अशक्य आहे, कारण ऑडिशनचा मेसेज येतो सकाळी आणि बोलावलेलं असतं दुपारी.

पहिलं काम मिळालं ते बॅकस्टेजचं. नाशिकच्याच एका ज्येष्ठ दादांनी एका नाटकाच्या व्यवस्थापकांशी गाठ घालून दिली आणि ऑगस्टपासून मी प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तू, सांभाळायला लागले. प्रयोगामागे ₹६००. कप, चष्मा, फाईल, टेलिफोन, प्रत्येक वस्तू कुठल्या विंगेत, कुठल्या प्रवेशाआधी, कोणाच्या हातात जायची याचा तक्ता करून टेबलावर चिकटवायचा. अभिनेत्री व्हायला आले आणि कप पुसतेय, असं मला वाटलं नाही. उलट ते महिने म्हणजे माझी शाळाच होती. विंगेतून तेच नाटक पुन्हा पुन्हा पाहताना दिसायला लागतं की मुरलेला नट हशा विझायची वाट पाहत नाही. तो हशा उतरणीला लागला की पुढच्या वाक्याचा पहिला शब्द त्यावर टाकतो. दादरच्या शिवाजी मंदिरला जे वाक्य हमखास हशा घेतं, ते डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहात दुपारच्या प्रयोगाला तसंच घेईल याची खात्री नाही, आणि नट ते तिसऱ्या-चौथ्या मिनिटालाच ओळखून गती बदलतो. हे कुठल्याही कार्यशाळेत सांगून कळत नाही. आणखी एक गोष्ट आपोआप झाली: सगळ्यांची वाक्यं मला पाठ झाली.

त्याच काळात एका छोट्या गटासोबत प्रायोगिक नाटकाच्या तालमी चालू होत्या. जे स्वतः नाटक उभं करणार आहेत त्यांच्यासाठी कागदपत्रांची एक गोष्ट सांगते. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. संहिता पक्की झाली की लगेच पाठवा. नाट्यगृहाची तारीख हातात आल्यावर पाठवायला घेतली तर मधले आठवडे जीव टांगणीला लागतो. आमच्या गटात ही जबाबदारी एकाच मुलावर होती. त्याने अर्जाची पोच, पत्रं, संहितेची प्रत असं सगळं एका फाईलमध्ये ठेवलं होतं, म्हणून प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात कोणाची धावपळ झाली नाही.

जाहिरातींकडे वळले ती २०२२ च्या दिवाळीनंतर. सगळ्यात आधी फोटो. मैत्रिणीच्या ओळखीतल्या फोटोग्राफरने ₹८,००० घेतले. एवढ्यात उत्तम काम होतं, चाळीस-पन्नास हजारांच्या पोर्टफोलिओची गरज नाही. कास्टिंगवाल्यांना तुम्ही दाराशी उभे राहिल्यावर जसे दिसता तसेच फोटोत हवे असता. चेहऱ्याचा जवळून एक, कमरेपर्यंत एक, पूर्ण उंचीचा एक, एक मनापासून हसताना. साडी किंवा कुर्त्यात काही, जीन्समध्ये काही. जड मेकअप नाही, त्वचा गुळगुळीत करणारी करामत नाही. सोबत मिनिटाभराचा इंट्रो व्हिडिओ: नाव, वय, उंची, राहायचं ठिकाण, भाषा, मग डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हात पुढून-मागून. हात कशाला, असं मला वाटलं होतं. चहाचा कप, साबण, मोबाईल, सगळं शेवटी हातातच धरायचं असतं.

अंधेरी पश्चिमेला वर्सोव्याजवळ आराम नगर आहे. बैठ्या बंगल्यांची वसाहत, आणि त्यातल्या कितीतरी बंगल्यांत कास्टिंगची ऑफिसं. वर्सोवा मेट्रो स्थानकावर उतरायचं, रिक्षा करायची आणि मेसेजमध्ये आलेला बंगल्याचा नंबर शोधायचा. दारात एखादा मुलगा किंवा मुलगी उभी असते. तुमच्याकडे बघून 'फिट' किंवा 'नॉट फिट' सांगते. फिट असाल तर यादीत नाव लिहायचं, दोन ओळींची स्क्रिप्ट घ्यायची आणि बाहेर सावली शोधून पाठ करायची. आत गेलं की पाटीवर नाव, तारीख आणि फोन नंबर लिहून ती छातीशी धरायची, इंट्रो द्यायचा, मग सीन. मिनिटा-दोन मिनिटांत सगळं आटोपतं. निवड झाली नाही तर कोणी कळवत नाही. पंधरा दिवसांत फोन आला नाही म्हणजे ते काम दुसऱ्याला गेलं, असं समजून चालायचं.

पहिले काही आठवडे तो 'नॉट फिट' फार लागायचा. घरी येऊन आरशात बघायचे. मग एकदा रांगेत शेजारी उभ्या असलेल्या एका काकूंनी समजावलं. त्या बऱ्याच वर्षांपासून आजी आणि सासूच्या भूमिका करतात. म्हणाल्या, "अगं, त्यांना आज कुरळ्या केसांची हवी असेल. उद्या सरळ केसांची हवी असेल. त्यात तुझ्या कामाचा प्रश्नच आला नाही अजून." हे वाक्य मी आजही नव्या मुलींना सांगते. नाटकात निवड वाचनातून, तालमीतून होते, तुमच्याकडे बघायला दिग्दर्शकाला वेळ असतो. जाहिरात वीस किंवा तीस सेकंदांची असते. प्रेक्षकाला पहिल्या दोन सेकंदांत कळायला हवं की ही बाई कोण, हिचं घर कसं. म्हणून चेहऱ्याची निवड आधी होते, अभिनयाची नंतर.

या रांगांमध्ये एक सावधगिरी मात्र सगळ्यांनीच बाळगायला हवी. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. नोंदणी, कार्ड, 'गॅरंटीड रोल', कुठल्याही नावाने पैसे मागितले की तिथून निघा. मला एका ठिकाणी कलाकार कार्डासाठी ₹५,००० मागितले होते. मी नम्रपणे नाही म्हटलं आणि त्या नंबरवरून परत कधी फोन आला नाही. ऑडिशनची जागा ऑफिस किंवा स्टुडिओ असावी. हॉटेलची खोली किंवा कोणाचं घर असेल तर जाऊ नका. जाताना पत्ता मैत्रिणीला पाठवून ठेवा. आणि हेही माहीत असू द्या की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शूटिंगलाही लागू होतो, दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. समितीत कोण आहे हे विचारणं हा उद्धटपणा नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिली जाहिरात मिळाली. ऑडिशननंतर आठवड्याने शॉर्टलिस्टचा फोन, मग "या दोन तारखा होल्ड कर," मग कपड्यांची ट्रायल, आणि शूटच्या आदल्या संध्याकाळी "लॉक." होल्ड आणि लॉक यांतला फरक नीट समजून घ्या. होल्ड म्हणजे तुम्ही तारीख राखून ठेवायची, त्यांनी मात्र काहीच कबूल केलेलं नसतं. लॉक म्हणजे काम पक्कं. माझी भूमिका मुख्य जोडप्याच्या शेजारी बसलेल्या नणंदेची, खाण्याच्या पदार्थाची जाहिरात. रक्कम ठरली ₹४०,०००. त्यातले २० टक्के काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचे, म्हणजे ₹८,०००, आणि १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर), म्हणजे ₹४,०००. हातात ₹२८,०००. फोनवर जो आकडा सांगतात तो हातात येणारा आकडा नसतो, म्हणून "कमिशन धरून की वगळून?" हे आधीच विचारायचं.

शूट गोरेगावच्या फिल्मसिटीत. सकाळी सहाला हजर व्हायचा कॉल, माझा पहिला शॉट दुपारी. घास घ्यायचा, डोळ्यांत चव दिसायला हवी, हसायचं, आणि कट झाल्यावर घास शेजारच्या बादलीत टाकायचा, कारण तोच घास पुढे कितीतरी वेळा घ्यायचा असतो. रंगमंचावर मी शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला शिकले होते. इथे भुवई जराशी जास्त उचलली तरी दिग्दर्शक म्हणायचे, "अर्धं कर." मग अर्ध्याचं अर्धं. दिवस संपता संपता मला जाणवलं की भावना कमी करायचीच नाही, ती तेवढीच ठेवून फक्त चेहऱ्याला शांत राहू द्यायचं. एकदा हे अंगात आलं की नाटकातही उपयोगी पडतं, विशेषतः समोरचा बोलत असताना आपण ऐकत असतो त्या जागांना.

करारावर सही करण्याआधी मी तो पूर्ण वाचला. जाहिरात किती काळ वापरणार, कुठल्या माध्यमांत, कुठल्या प्रदेशात, आणि त्या काळात तशाच दुसऱ्या ब्रँडची जाहिरात करता येणार नाही का, या चार गोष्टी त्यात असतातच. माझ्या करारात पहिल्या प्रसारणापासून दोन वर्षं, टीव्ही आणि डिजिटल, भारत, असं होतं. मी सही केलेली प्रत मागितली. द्यायला थोडी टाळाटाळ झाली, पण दोनदा आठवण केल्यावर मेलवर आली. पैसे ९० दिवसांत यायचे होते, ते यायला सप्टेंबर उजाडला. दर महिन्याच्या पाच तारखेला बिलाची प्रत जोडून एकच सभ्य मेल पाठवत राहिले. त्यांच्या हिशेब विभागात कोण बसतं त्यांचं नाव माहीत करून घेतल्यावर उत्तरं पटकन यायला लागली.

आणि मग ऑक्टोबर २०२३ मध्ये ज्या नाटकाची मी प्रॉपर्टी सांभाळत होते, त्यातल्या एका अभिनेत्रीला मालिका मिळाली. मालिकेच्या रोजच्या शूटिंगमध्ये प्रयोगांच्या तारखा बसेनात. दिग्दर्शकांनी मला बोलावून विचारलं, "वाक्यं येतात ना तुला?" मला सगळ्यांचीच येत होती. रिप्लेसमेंटला तालमी कमी मिळतात, आमच्या जेमतेम आठवडाभर झाल्या, त्याही बाकी कलाकार जमतील तशा. दुसऱ्याने उभी केलेली भूमिका घेताना त्यांच्या जागा, त्यांचे हशे जसेच्या तसे मिळवायचा मोह होतो. पहिले काही प्रयोग तेवढंच नीट करायचं, सहकलाकारांना अडचण होऊ द्यायची नाही, हळूहळू आपलं काही आणायचं, असं मी ठरवलं आणि ते मानवलं. पहिला प्रयोग गडकरीला. आईबाबा नाशिकहून आले होते. तिसरी घंटा झाली तेव्हा विंगेत माझ्या शेजारी प्रॉपर्टीचा नवा मुलगा उभा होता आणि त्याने माझ्या हातात कप अगदी बरोबर क्षणी दिला, याचा मला फार आनंद झाला. नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, ठरली ₹१,५००. महिन्याला प्रयोग किती लागतात त्यावर सगळं अवलंबून, आणि पावसाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत ते कमी होतात.

इथून पुढे खरी कसोटी सुरू झाली, आणि ज्यांना दोन्ही करायचंय त्यांच्यासाठी मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं आहे ते हेच. नाटकाच्या तारखा काही महिने आधी ठरतात: नाट्यगृहाचं भाडं भरलेलं, जाहिरात छापलेली, तिकिटं विकलेली. जाहिरातीचा फोन येतो परवाच्या शूटसाठी, आणि त्यात एका दिवसात महिन्याभराच्या नाईटपेक्षा जास्त पैसे असतात. जानेवारी २०२४ मध्ये आमचा कोल्हापूरचा दौरा होता आणि नेमका त्याच शनिवारी चांगल्या रकमेच्या जाहिरातीचा लॉक येत होता. मी नाही म्हटलं. रात्रभर झोप लागली नाही, हेही खरं. पण प्रयोग रद्द झाला असता तर पडद्यामागच्या माणसांचीही त्या दिवसाची कमाई बुडाली असती. त्यांच्यातच मी वर्षभर वावरले होते.

त्या दौऱ्यात केशवराव भोसले नाट्यगृहात काम करायला मिळालं. १९१५ साली शाहू महाराजांनी बांधलेलं ते पॅलेस थिएटर. त्या रंगमंचावर उभं राहिल्यावर आवाज न ताणता मागच्या रांगेपर्यंत जातो असं वाटायचं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळालं. बातमी वाचून आमच्या नाटकाच्या ग्रुपवर बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. जाहिरातीला नकार दिल्याचं उरलंसुरलं दुःखही त्या दिवशी संपलं.

त्या नकारानंतर मी एक पद्धत बसवली. महिन्याच्या पंचवीस तारखेला पुढच्या महिन्याच्या प्रयोगांचा तक्ता कोऑर्डिनेटरना पाठवते: कुठल्या दिवशी पूर्ण व्यग्र, कुठल्या दिवशी दुपारपर्यंत मोकळी, कुठल्या दिवशी दौऱ्याच्या बसमध्ये. ऑडिशनच्या इंट्रोमध्येच "शनिवार-रविवार नाटकाचे प्रयोग असतात" असं सांगते. काही कामं त्यामुळे जातात. पण होल्ड दिल्यावर ऐनवेळी माघार घेणाऱ्यांत आपलं नाव जात नाही. केस कापणं, रंगवणं याबद्दलही नाटकाच्या निर्मात्यांना आधी विचारते, कारण शुक्रवारी जाहिरातीसाठी आखूड झालेले केस शनिवारी नाटकातल्या अंबाड्यात बसत नाहीत.

आता कराचं. २०२३-२४ या आर्थिक वर्षासाठी नियम असा होता की एका संस्थेने वर्षात ₹३०,००० पेक्षा जास्त व्यावसायिक शुल्क दिलं तर कलम १९४-जे खाली १० टक्के टीडीएस कापला जातो. पॅन दिला नाही तर तोच २० टक्के होतो, म्हणून बिलावर पॅन, बँकेचा तपशील आणि कामाची तारीख ठळक लिहा. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, तसं बिलावर एका ओळीत लिहिलं की निर्मिती संस्थेचे प्रश्न थांबतात. जून २०२४ मध्ये आयकराच्या संकेतस्थळावर जाऊन २६-एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता, तपासलं. कापलेली रक्कम तिथे जमा दिसली पाहिजे. एका संस्थेने कापलेला टीडीएस दिसत नव्हता, मेल केल्यावर त्यांनी दुरुस्ती केली आणि त्यात तीन आठवडे गेले. नोकरदारांचा साधा आयटीआर-१ आपल्याला चालत नाही, म्हणून पहिल्या वर्षी सीएकडे गेले. ₹१,५०० फी दिली आणि कापलेला सगळा कर ऑगस्टमध्ये परत आला. प्रवास, फोटो, कपडे, मेकअपचं सामान यांच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका पाकिटात टाकत जा.

२०२४ च्या पावसाळ्यात प्रयोग कमी झाले तेव्हा सबटायटलचं काम पुन्हा वाढवलं. ते मी आजही पूर्ण सोडलेलं नाही आणि सोडायची घाईही नाही. हातात दुसरं काम असलं की न पटणाऱ्या जाहिरातीला नाही म्हणता येतं. गोरेपणा विकणाऱ्या एका कामाला मी असंच नाही म्हटलं.

मार्च २०२५ मध्ये पहिल्या जाहिरातीची दोन वर्षं संपत आली होती. मुदतीची तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवली होती. कोऑर्डिनेटरना महिनाभर आधी विचारलं की कंपनी पुढेही वापरणार आहे का. आधी उत्तर आलं, "तो करार कायमचाच होता." मी सही केलेली प्रत पाठवली, मुदतीच्या ओळीखाली रेघ मारून. चार दिवसांत आणखी एका वर्षाच्या वापरासाठी पुरवणी करार आला, ₹२५,००० चा. पैसे एप्रिलच्या शेवटी जमा झाले. रक्कम मर्यादेच्या आत असल्याने टीडीएस कापला गेला नाही, कोऑर्डिनेटरचे २० टक्के मी त्याच दिवशी पाठवले, आणि नव्या कराराची प्रत जुन्याच्या मागे लावून पुढच्या वर्षीची तारीख कॅलेंडरवर टाकली.